संध्याकाळचा वर्ग चांगला कशावरून म्हणायचा?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील मेळाव्यात झालेले भाषण)



आज आम्हाला कीर्तनाला उभं केलेलं नाही, बोलायला उभं केलंय. म्हणून अभंग धरलेला नाही. एका कामाचा हिशेब द्यायचा आहे. आम्ही चौथी शिकलेले. ज्वारी, तूर, कापूस यातलं थोडं कळतं, आणि थोरांच्या मागं टाळ धरून उभं राहिल्यामुळं चार शब्द बोलता येतात. तेव्हा भाषेत काही कमी-जास्त झालं तर गोड मानून घ्या.

आपल्या दिंडीच्या अकरा गावांत शाळा सुटल्यावर लेकरांचा वर्ग भरतो. कुठं मारुतीच्या पारावर, कुठं विठ्ठल मंदिरात, कुठं शाळेच्या व्हरांड्यात. हरिपाठ, पखवाज, टाळ, पावल्या, थोडा शाळेचा अभ्यास. दोन वर्षांमागं विश्वस्त मंडळींनी ठरवलं, शताब्दीला या वर्गांवर पैसा लावायचा. मग प्रश्न आला की लावायचा कुठं? कोणता वर्ग चांगला, कोणता नावापुरता? हे पाहायचं काम आमच्या गळ्यात पडलं. सोबत एक निवृत्त गुरुजी आणि एक आशाताई दिल्या. गुरुजी लिहिणार, ताई घरोघरी मायमाउल्यांशी बोलणार, आम्ही कान देऊन ऐकणार. असे आम्ही तिघं वर्षभर फिरलो. काय पाहिलं आणि काय करावं वाटतं, ते सांगतो.

आधी एक सांगू द्या. कामाच्या वेळेनंतर शिकवणं ही गोष्ट आपल्याकडं नवी नाही. १८५५ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली. १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि तिथं शिकलेली माणसं गावोगाव गेली म्हणून आज आपल्या देवळात पखवाज वाजतो. तेव्हा वर्ग काढणं हे पुण्याचं काम आहे, त्यात वाद नाही. पण वर्ग काढला म्हणजे पुण्य पदरात पडलं, असंही नाही. बी पेरलं म्हणजे पीक आलं असं कोणता शेतकरी म्हणतो?

आता गावाला विचारलं, तुमचा वर्ग कसा चाललाय, तर उत्तर काय येतं? "महाराज, चाळीस पोरं आहेत." किंवा, "सप्त्यात आमच्या पोरांनी असा हरिपाठ म्हटला की लोकांनी पाचशे-पाचशेच्या नोटा लावल्या." किंवा, "सगळ्यांना पांढरा झब्बा शिवलाय." आम्हालाही आनंद झाला. पण मंडळी, ही झाली वराती. घर कसं चाललंय ते वरातीवरून कळत नाही.

तुम्ही माती परीक्षणाला नमुना नेलाय ना? कृषी सहायक काय सांगतो? बांधाजवळची माती घेऊ नका. झाडाखालची घेऊ नका. उकिरड्याजवळची तर मुळीच नको. वावरात आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डा घ्या, सगळी माती गोणपाटावर एकत्र करा, चार वाटे करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरवा. ती खरी वावराची माती. आणि आपण वर्गात काय करतो? पाहुणा आला की सगळ्यात तरबेज पोरगं पुढं उभं करतो. ते पोरगं उकिरड्याजवळची माती आहे! त्याचा बाप पखवाजी, आजा वीणेकरी, त्याला घरातच खत मिळालेलं. त्याच्यावरून वर्गाची परीक्षा होत नाही.

म्हणून आम्ही ठरवलं, आगाऊ निरोप द्यायचा नाही. प्रत्येक गावात तीनदा जायचं, वेगवेगळ्या वारी. हजेरीच्या वहीतून डोळे मिटून बोट ठेवायचं, ज्या नावावर पडेल त्या लेकराजवळ जाऊन बसायचं. आणि पाच गोष्टी पाहायच्या. या पाच गोष्टी मोठ्या शास्त्रातल्या नाहीत, गुरुजींनी, ताईंनी आणि आम्ही बाजेवर बसून काढलेल्या आहेत.

पहिली गोष्ट, लेकरू तिथं सुखरूप आहे का. ही पहिली, कारण ही नसली तर बाकीच्या चारीला अर्थ नाही. ज्या वर्गात हात उगारला जातो तो वर्ग आम्ही चांगला म्हणत नाही, मग पोरं कितीही सुरात गावोत. शाळेत मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. मग देवाच्या दारात मारायची मोकळीक कुणी दिली? आणि दुसरं, ज्याबद्दल मांडवात बोलायला जीभ जड होते, पण बोलणार. लेकरांच्या अंगाला वाईट हेतूनं हात लावणारी माणसं कपड्यावरून ओळखू येत नाहीत. माळ सगळ्यांच्याच गळ्यात असते. म्हणून नियमच पाहिजे. वर्गाचं दार उघडं. मोठी माणसं दोन, एकटा शिकवणारा कधीच नाही. लेकराला पाय दाबायला, खोलीवर डबा घेऊन यायला, तंबाखू आणायला पाठवायचं नाही. मुक्कामी ठेवायचं नाही. आईबापानं कधीही न सांगता यावं आणि मागं बसावं. आणि लेकरानं काही सांगितलं, तर "दिंडीचं नाव खराब होईल" म्हणून कुणी दाबायचं नाही. २०१२ चा पोक्सो कायदा आहे, १०९८ हा लेकरांसाठीचा फोन नंबर आहे, तो प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर रंगवा. दिंडीचं नाव शंभर वर्षं टिकलंय ते खरेपणावर. झाकून टिकवायची वेळ आली तर ते नाव गेलेलंच आहे.

दुसरी गोष्ट, कोण येत नाही. वहीत जे आहेत त्यांची हजेरी सगळेच मोजतात. आम्ही गावाचा नकाशा मातीत काढला, प्रत्येक वस्तीवर खडा ठेवला, आणि विचारलं, इथलं कोण येतं? एका गावात एका वस्तीचा खडा तसाच राहिला. तिथली वीसेक लेकरं, एकही वर्गात नाही. गावकरी म्हणाले, "आम्ही कुणाला अडवलं नाही." खरं होतं, कुणी अडवलं नव्हतं. पण कुणी बोलावलंही नव्हतं. त्यांच्या आज्या-पणज्यांना ज्या पायरीच्या खाली थांबवलं, त्या पायरीवरून लेकरू आपलं आपण कसं चढेल? पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं होतं. ते आपल्याच पंढरीत घडलंय, विसरू नका. त्या गावचे वीणेकरी दुसऱ्या दिवशी स्वतः वस्तीवर गेले, घरोघर बसले, चहा घेतला. आठ दिवसांनी सहा लेकरं आली. त्यातला एक आज गावात सगळ्यात स्वच्छ पखवाज वाजवतो.

मुलींचं तर वेगळंच. पाचवी-सहावीपर्यंत मुली भरपूर, आणि आठवीला गेल्या की एक नाही. आम्ही वर्गात विचारलं तर कुणी बोलेना. आशाताई घरोघर गेल्या तेव्हा कळलं. दिवाळीनंतर दिवस लहान होतो, वर्ग सुटेपर्यंत अंधार पडतो, वाट उसाच्या कडेनं. वर्गात बाईमाणूस नाही. आणि वर्ग देवळात असल्यामुळं महिन्यातले चार दिवस मुली यायच्याच नाहीत. चार दिवस चुकले की मागं पडतात, मागं पडल्या की लाज वाटते, आणि मग कायमच्याच थांबतात. हे आम्हा पुरुषांना शंभर वर्षं विचारलं असतं तरी सुचलं नसतं. तिथं आम्ही शास्त्रार्थ करत बसलो नाही. वर्ग शाळेच्या व्हरांड्यात नेला, हिवाळ्यात अर्धा तास लवकर केला, अंगणवाडीच्या मदतनीस ताईंना रोज बसायला सांगितलं. आणि घरी जायचं ते दिंडी करून. पुढं एक मोठी मुलगी बॅटरी घेऊन, मधी लहान, मागं ताई. एकेक घर आलं की एकेक जण कमी. आठवीच्या पाच मुली परत आल्या.

तिसरी गोष्ट, दीड तासात लेकराच्या वाट्याला काय येतं. गुरुजींनी घड्याळ लावून पाहिलं. एका गावात पखवाज दोन, पोरं बावीस, पखवाजाला वेळ पाऊण तास. हिशेब करा. एकेकाच्या वाट्याला चार मिनिटं. बाकीची एक्केचाळीस मिनिटं पोरगं काय करतं? दुसऱ्याकडं बघतं, चिमटे काढतं, मार खातं. आणि आपण म्हणतो पोरं वांड आहेत. पोरं वांड नाहीत, रिकामी आहेत. रिकाम्या वावरात गवतच येणार.

उपाय महाग नाही. पखवाजाचे बोल आधी तोंडानं म्हणायचे असतात, हातावर टाळी देऊन. धा दिं ता, तिट कत, गदि गन, हे बावीस जणांना एकदम म्हणता येतं. मांडीवर बोटं चालवता येतात. दोघं पखवाजावर, चौघं टाळावर, आणि सात-आठ जण कोपऱ्यात पुस्तक घेऊन मोठ्या पोरापाशी. दर पंधरा मिनिटांनी घोळके बदलायचे. ज्याला येतं त्यानं त्याच्या खालच्याला शिकवायचं. आणि एक लक्षात घ्या, शाळा सुटून आलेलं लेकरू दमलेलं असतं. शाळेतला पोषण आहार दुपारी झालेला, पोटात कावळे ओरडत असतात. त्याला आल्या आल्या मांडी घालायला लावू नका. वीस मिनिटं पळू द्या, खेळू द्या. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्या. भुकेलं लेकरू हरिपाठात बसलं तरी त्याचं ध्यान चुलीपाशी असतं.

चौथी गोष्ट, लेकराला खरंच काय आलं. हे जरा नाजूक आहे. एका गावात पाचवीतलं पोरगं. माउलींच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग घडाघडा, एक शब्द इकडं-तिकडं नाही. आम्ही पाठ थोपटली. मग गुरुजींनी तेच पुस्तक हातात दिलं, मधलंच पान उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाले, हे वाच बरं. पोरगं बोटाकडं बघतच राहिलं. अक्षर ओळखेना. पोथीचं पान म्हणजे त्याला नुसती नक्षी. आम्ही दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. निम्म्याहून जास्त तसेच.

यात पोरांचा काही दोष नाही, आणि हे आपल्याच गावात आहे असंही नाही. प्रथम नावाची संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करत आली आहे. देशभर खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन एकेका लेकरापुढं एक कागद धरतात. त्यावर अक्षरं, साधे शब्द, सोपा उतारा, आणि दुसरीच्या पुस्तकासारखी छोटी गोष्ट. जे वाचता येतं तिथं खूण करतात. त्यात दिसतं ते हेच, पाचवीतल्या साधारण निम्म्या लेकरांना दुसरीची गोष्ट नीट वाचता येत नाही. आता पाठांतर आमच्या संप्रदायाचा प्राण आहे, त्याला आम्ही कमी लेखणार नाही. ज्यांच्या घरी अक्षर नव्हतं त्या आमच्या आज्यांनी पाठांतरावर गाथा जपली. पण त्यांना पुस्तक मिळालं नाही म्हणून त्यांनी तसं केलं. आजच्या लेकराच्या हातात पुस्तक आहे. त्याला वाचता आलं नाही तर उद्या औषधाची चिठ्ठी, बँकेचा कागद, साताबारा, सगळं तो दुसऱ्याकडून वाचून घेणार. आणि ज्याचं दुसरा वाचतो त्याचं दुसराच खातो, हे आपण आपल्या बापजाद्यांच्या जमिनीत पाहिलंय.

गुरुजींनी तसाच एक कागद सगळ्या वर्गांना करून दिला. दर दोन महिन्यांनी लेकराला एकट्याला जवळ बसवून पाच मिनिटं वाचायला लावायचं. चारचौघांत नाही. आणि इयत्तेप्रमाणं न बसवता, जेवढं येतं त्याप्रमाणं घोळके करायचे. अक्षरवाले एका ठिकाणी, शब्दवाले एका ठिकाणी, ओळ वाचणारे एका ठिकाणी. पाचवीतलं पोरगं अक्षराच्या घोळक्यात बसलं तर लाजेल, म्हणून घोळक्यांना नद्यांची नावं दिली. इंद्रायणी, नीरा, भीमा, सिंदफणा. कोणती नदी वरची आणि कोणती खालची? सगळ्या सागरालाच जातात. रोज पाऊण तास, एवढंच. ते हरिपाठवालं पोरगं चार महिन्यांत शब्द जुळवायला लागलं. त्याला एक सोय होती, अभंग तोंडपाठ होते. तोंडात असलेला शब्द कागदावर सापडला की त्याला असा आनंद व्हायचा, जसा गर्दीत आपल्या गावचा माणूस भेटावा.

पखवाजाचं आणि टाळाचंही असंच पाहिलं. नुसतं "येतं" म्हणून चालत नाही. साधा भजनी ठेका पाच मिनिटं लय न पळवता धरता येतो का? दुसरा गात असताना त्याच्याकडं कान देऊन वाजवता येतं का? चुकल्यावर समेवर परत येता येतं का? तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात मोठी वाटते. ती ज्याला आली त्याला संसारातही उपयोगी पडते.

पाचवी गोष्ट, लेकराला स्वतःला काय वाटतं. यावर काही मंडळी हसली. म्हणाली, लेकरांना काय विचारायचं? त्यांना आम्ही आपल्याच सोहळ्यातली गोष्ट सांगितली, तीच इथं सांगतो. माउलींच्या सोहळ्यात तळावर समाजआरती होते. चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडं जातात, ऐकून घेतात, तिचा निवाडा होतो. एवढा लाखाचा सोहळा, पण एका लहान दिंडीचं ऐकल्याशिवाय पुढं सरकत नाही. केवढी मोठी रीत घालून दिलीय आपल्या वाडवडिलांनी! मग लेकरांना टाळ वाजवायची मुभा नको का?

लहान लेकरं तोंडानं सांगत नाहीत. म्हणून महिन्यातून एकदा, शिकवणारा बाहेर गेल्यावर, फडक्यानं झाकलेलं एक गाडगं ठेवायचं. वर्ग आवडला तर हरभरा टाकायचा, नाही आवडला तर खडा. कुणी काय टाकलं ते कुणाला दिसत नाही. एका गावात गाडगं उपडं केलं तर खडेच खडे. शिकवणारे महाराज तरुण, जीव ओतून शिकवणारे. त्यांचे डोळे भरून आले. आम्ही म्हटलं, थांबा महाराज, आधी का ते विचारू. ताईंनी हळूहळू विचारलं. उशिरा येणाऱ्याला तिथं उठाबशा काढायला लावत. आणि उशीर कुणाला व्हायचा? ज्यांच्या घरी संध्याकाळी शेळ्या बांधायच्या, पाणी भरायचं त्यांना. म्हणजे घरी राबणाऱ्या लेकरालाच रोज शिक्षा. महाराजांनी त्याच दिवशी ते बंद केलं आणि वर्ग अर्धा तास पुढं ढकलला. दोन महिन्यांनी गाडग्यात हरभरे जास्त होते, खडे थोडेच. ते थोडे खडेही जपून ठेवा म्हटलं. सगळेच हरभरे पडायला लागले तर लेकरं भ्यायला लागली असं समजा.

आता या सगळ्याचं करायचं काय? पखवाज उतरला तर आपण त्याला शिव्या देतो का? कान लावतो. धुमेवरची कणीक कमी-जास्त करतो. गट्ट्यावर हातोडी मारतो, तीही हलकी. पुन्हा ऐकतो. जुळला असं वाटलं तरी कीर्तन रंगल्यावर परत एकदा पाहतो, कारण हवा बदलली की तो पुन्हा उतरतो. वर्ग पाहायचा तो असाच. पाहणारा फौजदार होऊन गेला तर शिकवणारा वही रंगवून ठेवील. पाहणाऱ्यानं पखवाजीसारखं जावं. आणि जे सांगायचं ते लेकरांदेखत सांगू नये. आम्ही तरुणपणी मोठ्या कीर्तनकारांच्या मागं टाळ धरून उभे असायचो. चूक झाली तर ते कीर्तनात बोलायचे नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर अंथरुणावर जवळ बोलावून सांगायचे. म्हणून ती शिकवण अजून अंगात आहे.

आणि एका वेळी एकच गोष्ट सुधारा. अकरा गावांत आम्ही हेच धरलं. एका गावानं नुसती खेळाची वीस मिनिटं वाढवली, दुसऱ्यानं मदतनीस ताई आणल्या, तिसऱ्यानं वाचनाचे घोळके केले. वर्षानं पुन्हा पाहिलं. सात गावांत फरक दिसला. तीन गावांत फार नाही. एका गावचा वर्ग बंद पडला, कारण शिकवणाऱ्या पोराला पुण्याकडं कंपनीत काम लागलं. त्याला नावं ठेवू नका. त्याला गाव वर्षाकाठी शाल, श्रीफळ आणि दोन पायल्या ज्वारी देत होतं. त्यावर कुणाचा संसार होतो?

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांचं कोडं तर अजून सुटलेलं नाही. दिवाळीच्या आसपास गाडी भरली की लेकरू जातं ते उन्हाळ्याच्या तोंडाला येतं. वर्गाच्या वहीत गैरहजर, गैरहजर. आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात जे राहतात, त्यांना तरी वर्गात ओढून आणा. जे गेले त्यांची वही आणि नदी राखून ठेवा. आल्यावर "इतके दिवस कुठं होतास" असं विचारू नका. "ये, तुझी जागा इथं आहे" असं म्हणा. एवढं तरी आपल्या हातात आहे.

आता शेवटचं, आणि ते विश्वस्त मंडळींना. शताब्दीच्या निधीचा विषय निघालाय. काही मंडळींचं म्हणणं, गावच्या वेशीला मोठी कमान करावी. काहींचं म्हणणं, वर्गांची स्पर्धा लावावी, ज्याच्याकडं पोरं जास्त त्याला मोठं बक्षीस. दोन्ही म्हणणाऱ्यांचा भाव चांगला आहे. पण स्पर्धेबद्दल हात जोडून सांगतो, ती लावू नका. आकड्याला बक्षीस लागलं की वही फुगते, आणि जे लेकरू खरोखर मागं आहे त्याला सप्त्याच्या दिवशी घरी बसवतात. मग आम्ही वर्षभर जे पाहिलं ते पुन्हा कुणालाच दिसणार नाही.

कमानीला आमचा विरोध नाही. पण आधी चार गोष्टींना पैसा द्या. शिकवणाऱ्याला दर महिन्याला ठरलेलं मानधन, वेळेवर. प्रत्येक वर्गावर एक बाईमाणूस, तिलाही मानधन. वाटेवर आणि वर्गात दिवे. आणि महिन्यातून एकदा अकराही गावच्या शिकवणाऱ्यांनी एका ठिकाणी बसायचं, त्यांच्या जेवणाचा आणि येण्याजाण्याचा खर्च. त्या बैठकीत कुणी भाषण करायचं नाही. आपल्या वर्गात काय जमेना ते प्रत्येकानं सांगायचं, आणि बाकीच्यांनी काय केलं ते सांगायचं. हे चार झाल्यावर उरलं तर कमान करा, आम्ही स्वतः पाटी उचलायला येऊ.

मायबापहो, तुम्हालाही एक मागणं आहे. आठवड्यातून एकदा, काम टाकून, वर्गात जाऊन मागं बसा. काही बोलू नका. आपलं लेकरू सोडून दुसऱ्याच एखाद्या लेकराकडं बघा, जे कोपऱ्यात बसलंय, ज्याचं नाव कुणी घेत नाही. त्याला काही मिळतंय का ते बघा. त्याला मिळत असेल तर वर्ग चांगला. त्याला मिळत नसेल, तर तुमच्या पोराला पहिला नंबर मिळाला तरी तुम्ही गप्प बसू नका.

दिंडी चालते तेव्हा तिची चाल पताकावाल्यावरून ठरत नाही. मागं पायाला फोड आलेली म्हातारी असते, तिला पाहून वीणेकरी पाऊल आखडतो. शंभर वर्षं आपण असेच चाललो, म्हणून सगळे मिळून पोचलो. लेकरांच्या वर्गातही शेवटच्याला पाहूनच पाऊल टाका, एवढं सांगून आमची सेवा थांबवतो.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम. रामकृष्ण हरी.